टाकलेल्या बाळांनी दाखवून दिलेला आजार

मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीसेक किलोमीटरवर. एकोणिसाव्या शतकात या दोन गावांच्या मध्ये राज्याची हद्द पडत होती. मंगळवेढा सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात, तर पंढरपूर इंग्रजी मुलखात. वारकऱ्यांनी ती हद्द कधी मानली नाही. चोखोबा मंगळवेढ्याचे, कान्होपात्राही मंगळवेढ्याचीच. दोघांच्या समाध्या मात्र विठोबाच्या दारात. पण पंढरीच्या वाटेवरून देवाच्या नावाखाली आणखीही कुणी चालत होतं. कोवळ्या वयात विधवा झालेल्या आणि आता दिवस गेलेल्या बायका. यात्रेला जाते म्हणून घर सोडता येत असे. अनोळखी गर्दीत बाळंत होऊन, बाळ मागे टाकून परत फिरता येत असे.

१८५६ च्या कायद्यानं विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली होती. उच्चवर्णीय घरांच्या उंबऱ्याच्या आत मात्र तो कायदा फारसा पोचला नाही. केशवपन झालेल्या मुलीला घरातल्याच एखाद्या पुरुषाकडून गर्भ राहिला, तर तिच्यापुढे वाटा थोड्या होत्या: गर्भ पाडण्यासाठी विषारी काढे, विहीर, नाहीतर जन्मलेल्या बाळाच्या नरड्याला नख. पकडली गेली तर काळ्या पाण्याची शिक्षा तिलाच. तो पुरुष कोर्टात उभा राहत नसे.

१८७५ मध्ये पंढरपुरात टाकलेल्या मुलांसाठी घर उघडलं. त्यामागे होते लालशंकर उमियाशंकर, त्या वेळी पंढरपुरात नेमणुकीवर असलेले गुजराती न्यायाधीश. मुंबईच्या प्रार्थना समाजाची साथ त्यांना होती. गाव पराया, भाषा परकी, आणि विषय असा की ज्यावर गावातला कुणीही प्रतिष्ठित माणूस उघड बोलायला तयार नव्हता. तरी संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी सोलापूर भागावर १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ कोसळला, तरी ती टिकली. पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे यांचं नाव लागलेला हा बालकाश्रम महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या अशा घरांपैकी एक.

त्याच्या बारा वर्षं आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. विधवांनी गुपचूप यावं, सुरक्षित बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशा जाहिराती त्यांनी भिंतींवर लावल्या. १८८४ मध्ये सरकारला कळवलेल्या मतात जोतीरावांनी त्या घराचा हिशेब दिला आहे. तोवर सुमारे पस्तीस गरोदर विधवा तिथे आल्या आणि बाळंत झाल्या. त्या मुलांपैकी पाच जगली, तीस गेली. आयांनी गर्भ लपवण्यासाठी घेतलेल्या औषधांनी मुलांना पोटातच इजा झाली होती, असं त्यांचं म्हणणं. जगलेल्यांपैकी एकाला या दांपत्यानं दत्तक घेतलं. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना मरण आलं.

पस्तिसात पाच. हा आकडा लिहिताना जोतीरावांना काय वाटलं असेल कोण जाणे. पण त्यांनी तो लपवला नाही, हे फार मोठं आहे. टाकलेल्या बाळांचं मरण मोजणारी माणसं त्या काळी जगात कुठेही थोडीच होती.

त्यांतला एक युरोपात, प्राग शहरात होता.

प्राग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. तिथलं टाकलेल्या बाळांचं घर अठराव्या शतकाच्या शेवटी सम्राट दुसरा योसेफ याच्या काळात सुरू झालेलं. अविवाहित मुली सरकारी प्रसूतिगृहात फुकट बाळंत होत. त्या बदल्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी त्यांना स्वतःची तपासणी करू द्यावी लागे आणि मग काही काळ दाई म्हणून आपल्याबरोबर इतरांचीही बाळं पाजावी लागत. पुढे मुलं खेड्यांतल्या पालक कुटुंबांकडे जात. गरिबीची आणि बदनामीची जी कहाणी चंद्रभागेकाठी, तीच व्ल्टावा नदीकाठी. फरक एवढाच की तिथे बाळं शेकड्यांनी येत होती.

या घराचे प्रमुख डॉक्टर होते गॉटफ्रीड रिटर फॉन रिटरशाइन. त्यांनी १८७८ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. आधीच्या दहा वर्षांत या एकाच घरात त्यांनी अंगावरची कातडी सोलून निघण्याचा एक विशिष्ट आजार २९७ तान्ह्या बाळांमध्ये पाहिला होता. त्यांतली जवळजवळ निम्मी दगावली होती.

रिटर यांनी पाहिलेलं चित्र आजही जवळपास तसंच दिसतं. काही दिवसांचं किंवा काही आठवड्यांचं बाळ अचानक किरकिरं होतं, ताप येतो, अंगाला हात लावू देत नाही. उचलून घेतलं तर आणखीच रडतं. तोंडाभोवती लाली येते, मग मान, काखा, जांघा अशी जिथे घड्या तिथे पसरते. एक-दोन दिवसांत पातळ, सैल फोड उठतात. बोटानं हलकेच घासलं तरी वरची कातडी ओल्या कागदासारखी सुरकुतते आणि निघून येते. खाली लाल, ओलसर, भाजल्यासारखं अंग. ओठांभोवती खपल्या आणि चिरा. आश्चर्य म्हणजे तोंडाच्या आतलं अस्तर मात्र शाबूत. जी बाळं तगतात त्यांची कातडी दहा-बारा दिवसांत पुन्हा येते आणि मागे व्रण राहत नाही.

हा आजार १८७८ पूर्वी नव्हता, असं मुळीच नाही. पण एका घरात, एका सुईणीच्या हाती तो क्वचित येणार. तिनं काय समजावं? आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असे, बाळाला धुरी दिली जाई. अंग सोललेलं दिसलं की निखाऱ्याचा किंवा कढत पाण्याचा संशय येणार. बिब्ब्याचं तेल लागलं तरी फोड येतात. नाहीतर पाचवीच्या पूजेत काही चुकलं, सटवाई कोपली, असं म्हणून आईलाच बोल लागणार. भाजल्याचा संशय तर आजही येतो. अशा बाळाला दवाखान्यात आणल्यावर आईबापांनीच चटका दिला की काय, अशी विचारणा झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत. एकट्या बाळाकडे पाहून हा आजार ओळखणं अवघड होतं. तीनशे बाळं एकाच डॉक्टरच्या डोळ्यांखालून गेली तेव्हा तो ओळखू आला. ती तीनशे बाळं एका छताखाली आली, कारण ती कुणाला नको होती. एका छताखाली आली म्हणूनच त्यांच्यापैकी इतक्यांना तो झाला, हीसुद्धा तितकीच खरी गोष्ट.

कारण काय, हे मात्र रिटर यांना सांगता आलं नाही. ते सांगायला लागणारं ज्ञान त्यांच्या लेखानंतर अगदी दोनच वर्षांनी पुढे आलं. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात घोसाघोसानं राहणारे गोल जीवाणू दाखवले. १८८० मध्ये त्यांनी हे बर्लिनच्या सभेत मांडलं, १८८२ मध्ये जीवाणूला स्टॅफिलोकोकस हे नाव दिलं. १८८४ मध्ये जर्मनीत रोझेनबाख यांनी त्यातली सोनेरी वसाहती करणारी जात वेगळी केली: स्टॅफिलोकोकस ऑरियस. रिटर त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते.

शतक संपेपर्यंत फोड आलेल्या तान्ह्या मुलांमध्ये हा जीवाणू सापडू लागला होता. तरीही कोडं सुटेना. गळवात जीवाणू असतो हे समजण्यासारखं, कारण तिथे पू असतो. पण या बाळांच्या अंगभर उठलेल्या फोडांतलं पाणी स्वच्छ निघे, त्यात जीवाणू सापडत नसत. जीवाणू असे तो नाकात, घशात, डोळ्याच्या कडेला, नाहीतर नुकत्या गळालेल्या नाळेच्या जागी, बेंबीत. चोर एका ठिकाणी आणि नासधूस दुसऱ्याच ठिकाणी. याचा अर्थ लागायला पुढची सुमारे सत्तर वर्षं गेली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर एक नवा गोंधळही झाला. १९५६ मध्ये ॲबरडीनमध्येच काम करणारे त्वचारोगतज्ज्ञ ॲलन लायेल यांनी भाजल्यासारखी कातडी निघण्याच्या चार रुग्णांचं वर्णन केलं. त्यानंतर जगभर असे रुग्ण 'लायेलचा आजार' म्हणून नोंदले जाऊ लागले, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या. मोठ्या माणसांत बहुधा औषधांच्या घातक प्रतिक्रियेनं येणारा, वरच्या कातडीची पूर्ण जाडी मारणारा आजार आणि तान्ह्यांचा हा वरवरचा आजार. दोघांचे उपचार वेगळे, धोका वेगळा. पहिल्यात चालू असलेलं औषध ताबडतोब थांबवायचं, दुसऱ्यात जीवाणूविरोधी औषध ताबडतोब सुरू करायचं. ही सरमिसळ कागदावरची नव्हती, तिची किंमत रुग्णांना मोजावी लागत होती. लायेल यांनी पुढेही या विषयाचा पाठपुरावा सोडला नाही. उतारवयात, १९८९ मध्ये, त्यांनी आपल्याच गावच्या ऑग्स्टन यांच्यावर एक अभ्यासपूर्ण लेखही लिहिला.

लायेल यांनी ते चार रुग्ण नोंदले, त्याच दशकात दवाखान्यांमध्ये आणखी काहीतरी घडत होतं. श्रीमंत देशांत बाळंतपणं घरातून इस्पितळात गेली होती. जन्मल्याबरोबर बाळ आईपासून काढून एका मोठ्या खोलीत, पाळण्यांच्या रांगेत ठेवायची पद्धत पडली. प्रागच्या घरातली गर्दी आता चांगल्या घरच्या, हव्याहव्याशा बाळांच्या वाट्याला आली. तीन माणसांमागे साधारण एकाच्या नाकात हा सोनेरी जीवाणू निरुपद्रवीपणे राहत असतो. एका परिचारिकेच्या हातून तो अख्ख्या रांगेत पोचे. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच हात धुवायला लावून बाळंतिणींचे प्राण वाचवले होते, पण शंभर वर्षांनी तोच धडा पाळण्यांपाशी पुन्हा शिकावा लागला. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियापासून अमेरिकेपर्यंत नवजात कक्षांमध्ये स्टॅफिलोकोकसच्या साथी आल्या. ८०/८१ या क्रमांकानं ओळखला जाणारा प्रकार पेनिसिलिनला दाद देत नव्हता.

पेनिसिलिन तोवर आपल्याकडेही तयार होऊ लागलं होतं. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. १९५५ मध्ये तिथून देशी पेनिसिलिन बाहेर पडलं. लाखो माणसं त्यानं वाचवली. पण या एका जीवाणूनं पेनिसिलिन मोडणारं विकर कमावलं होतं. मग १९६० च्या सुमारास मेथिसिलिन आलं आणि पाठोपाठ क्लॉक्सासिलिनसारखी त्याच कुळातली औषधं, जी त्या विकराला पुरून उरतात. वर्षभरात मेथिसिलिनलाही न जुमानणारे जीवाणू इंग्लंडमध्ये सापडले.

कुणीकुणी सोपा उपाय शोधला: बाळांना हेक्झाक्लोरोफिन या जंतुनाशकानं रोज अंघोळ. साथी कमी झाल्या खऱ्या. मात्र कोवळ्या कातडीतून ते द्रव्य रक्तात उतरतं आणि मेंदूला इजा करतं, हे पुढे उघड झालं. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये एका बाळपावडरीत चुकून भरमसाट मिसळलेल्या हेक्झाक्लोरोफिननं ३६ मुलं दगावली. त्यानंतर त्याचा सरसकट वापर थांबला. बाळ आईच्या कुशीतच ठेवावं, ही आपल्या आज्यांची पद्धत इस्पितळांनी पुन्हा स्वीकारली, त्यामागे संसर्गाचा हा अनुभवही होता.

कोड्याची उकल १९७० मध्ये झाली. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात मॅरियन मेलिश आणि लोवेल ग्लासगो यांनी आजारी मुलांमधून मिळवलेला जीवाणू नुकत्या जन्मलेल्या उंदरांना टोचला. काही तासांत पिल्लांची कातडी बाळांसारखीच सैल होऊन सुटू लागली. मोठ्या उंदरांना तोच जीवाणू टोचला तर त्यांना असं काही झालं नाही. लवकरच त्यामागचं विषही वेगळं करता आलं. जीवाणू नाकात किंवा बेंबीत बसून विष सोडतो, विष रक्तातून अंगभर जातं, कातडी तिथे निघते. म्हणून फोडांचं पाणी स्वच्छ! आणि तान्ह्यांनाच का, याचंही उत्तर मिळालं. मोठ्या माणसांच्या रक्तात या विषाविरुद्ध प्रतिद्रव्यं असतात आणि मूत्रपिंडं ते झपाट्यानं बाहेर टाकतात. नवजात बाळाकडे दोन्ही नाही. मूत्रपिंडं निकामी झालेल्या प्रौढांना हा आजार कधीकधी होतो तो याच कारणानं, आणि त्यांच्यात तो फार जीवघेणा ठरतो.

शेवटचा तुकडा २००० मध्ये जपानमधून आला. टोकियोच्या केइओ विद्यापीठातले मासायुकी अमागाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हे विष कातडीतलं एकच प्रथिन तोडतं: डेस्मोग्लिन-१. कातडीच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी ते एक. वरच्या थरांत मुख्य भार त्याच्यावर असतो, म्हणून वरचा पापुद्रा सुटतो. खालच्या थरांत आणि तोंडाच्या अस्तरात डेस्मोग्लिन-३ नावाचं भावंड जोडणी सांभाळतं, म्हणून खालची कातडी आणि तोंडाचा आतला भाग वाचतो. खोलवर इजा नाही, म्हणून व्रण नाही. रिटर यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या प्रत्येक खुणेचा अर्थ १२२ वर्षांनी एका रेणूत सापडला.

रेणू सापडला तरी बाळापर्यंत कुणी वेळेत पोचणार की नाही, हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रात त्याचं उत्तर गडचिरोलीनं दिलं. १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९३ पासून ३९ गावांमध्ये घरोघरच्या नवजात बाळांचा मागोवा घेतला. १९९५-९६ च्या एका वर्षात ७६३ बाळं जन्मल्यापासून महिनाभर घरी जाऊन तपासली गेली. ताप, जंतुसंसर्ग, बेंबीतला पू, अंगावरच्या पुळ्या, सगळ्याची नोंद झाली. आयाबायांनी अंधारात सोसलेलं पहिल्यांदा कागदावर आलं. मग गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून जंतुसंसर्गावर औषध आणि इंजेक्शन द्यायची परवानगी दिली गेली. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा कमी शिकलेल्या खेड्यातल्या बाईच्या हातात सुई द्यावी का, यावर पुष्कळ वाद झाला. हजारामागे आणखी सदतीस बाळं जगली, या उत्तरापुढे तो वाद मला तोकडा वाटतो. पंढरपूर आणि पुण्याच्या घरांना हवी होती ती गोष्ट हीच: बाळाला घर सोडायला न लावता त्याच्याकडे पाहणारी, त्याची नोंद ठेवणारी नजर.

२०११ मध्ये हा मार्ग राष्ट्रीय कार्यक्रमात आला. आता मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीत, मरवड्यात किंवा भोशात बाळ जन्मलं, की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. वजन, ताप, दूध ओढणं, बेंबी आणि अंगावरच्या पुळ्या, असं सगळं तिनं पाहायचं असतं. या सगळ्या भेटी पुऱ्या केल्यावर तिच्यासाठी ठरलेला मोबदला होता २५० रुपये. दुष्काळी भागात वाड्यावस्त्या तुडवणाऱ्या बाईच्या कामाची ही किंमत फार कमी आहे. तिनं सातव्या दिवशी ओळखलेली तोंडाभोवतीची लाली आणि नवव्या दिवशी सोललेलं अंग घेऊन आलेलं बाळ, यात जीव वाचण्याचं अंतर असू शकतं.

असं बाळ ग्रामीण रुग्णालयातून सोलापूरला जातं, १९६३ पासून चालू असलेल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी. तिथे उपचाराची दिशा आता स्पष्ट आहे. शिरेतून क्लॉक्सासिलिनसारखं औषध, गरज पडल्यास विषाची निर्मिती रोखणारं क्लिंडामायसिन. कातडी नसल्यामुळे अंगातलं पाणी आणि ऊब निघून जाते, म्हणून सलाइन आणि उबदार खोली. चिकटपट्टी कुठेही नाही, कारण काढताना कातडी बरोबर येते. वेदना कमी करणारं औषध. स्टिरॉइडचं मलम किंवा इंजेक्शन नाही. गावातल्या दुकानातून आणून ते आधीच लावलेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगायला हवं. शेजारच्या पाळण्यातल्या बाळालाही लाली दिसली, तर कक्षात काम करणाऱ्यांचे हात आणि नाकं तपासावी लागतात. प्रागमध्ये निम्मी बाळं जात होती. आज चांगल्या उपचारांखाली मुलांमधलं मरणाचं प्रमाण शंभरात पाचांच्याही खाली आहे, आणि बहुतेक बाळं दोन आठवड्यांच्या आत, अंगावर एकही व्रण न घेता, आईबरोबर घरी जातात.